शब्दचर्चा: ‘सक्सेशन’मधल्या भावांना मत्सर आहे, की धास्ती?

प्रश्न: ‘सक्सेशन’ या अमेरिकी मालिकेवर लिहिते आहे; वडिलांच्या कंपनीचा वारस कोण, यावरून झगडणाऱ्या भावंडांची ती गोष्ट. केंडल आणि रोमन यांच्या मनात एकमेकांबद्दल जे आहे, त्याला ‘मत्सर’ म्हणवत नाही. ‘असुरक्षितता’ लिहिलं की रात्रीच्या निर्जन रस्त्याबद्दल लिहिल्यासारखं वाटतं. ‘भाऊबंदकी’ चालेल का?

प्रतिसाद: ‘मत्सर’ टाळलात ते योग्यच. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश त्याचा अर्थ ‘अन्यशुभद्वेष’ असा देतो, म्हणजे दुसऱ्याचं भलं न पाहवणं. असूया त्याहून वेगळी: ‘दोषारोपो गुणेष्वपि’, गुण दिसले तरी त्यांतही खोट काढायची. हेवा या दोन्हींपेक्षा पुष्कळ निरुपद्रवी. ‘हेवा वाटावा असं अक्षर’ ही शाबासकी आहे. तिथे ‘मत्सर’ घालून पाहा, वाक्य बिघडतं.

केंडलचं दुखणं मात्र रोमनच्या भल्याचं नाहीच. वडील गेल्यावर एक कागद सापडतो. वारस म्हणून त्यावर केंडलचं नाव आहे आणि सोबत पेन्सिलीची रेघ, पण ती नावाखाली ओढली आहे की नावावर काट मारली आहे, हे कुणालाच ठरवता येत नाही. त्या रेघेपाशी केंडलला जे होतं, त्याला मराठीत ‘धास्ती’ म्हणतात. आपली जागा जाईल ही धास्ती. शेवटच्या भागात ‘मी का नाही?’ हा विचार रोमनच्या मनात डोकावतो, तेव्हा केंडल त्याला मिठी मारतो आणि इतका आवळतो की रोमनच्या कपाळावरचे टाके उसवतात. ही माया आहे आणि धास्तीही; मत्सर म्हटलं की त्यातली माया पुसली जाते. म्हणून माझं मत ‘धास्ती’ला. परीक्षणात दर वेळी ‘असुरक्षिततेची भावना’ लिहायची सवय आपण सोडायला हवी.

‘पाण्यात पाहणं’ही इथे नको, त्यात उघड वैर आहे.

दुसरा प्रतिसाद: भाऊबंदकीबद्दल. भाऊबंद म्हणजे फक्त सख्खे भाऊ नव्हेत, एका कुळातले सगळे वाटेकरी. खाडिलकरांच्या 1909च्या ‘भाऊबंदकी’ नाटकातला तंटाही काका-पुतण्यांचा आहे, राघोबादादा आणि नारायणराव यांचा. शिवाय भाऊबंदकी मनात राहत नाही. ती वाट्यासाठी चारचौघांत उघडपणे ‘माजते’. कंपनी विकायची की नाही यावरची शेवटची मतदानाची बैठक ही भाऊबंदकी, टाके उसवणारी मिठी नव्हे.

प्रश्नकर्ती: पण त्या बैठकीत निर्णायक मत शिवचं, म्हणजे बहिणीचं. मग?

दुसरा प्रतिसाद: जुन्या अर्थाने बहीण भाऊबंदांत येत नव्हती, कारण वडिलोपार्जित मालमत्तेत तिला भावांसारखा जन्मसिद्ध वाटा नव्हता. महाराष्ट्राने 1994मध्ये आणि केंद्राने 2005मध्ये हिंदू वारसा कायदा बदलला, तेव्हा मुलगी मुलाच्या बरोबरीने वाटेकरी झाली. हक्क आला तसा शब्दही तिच्यापर्यंत पोचू दे. शिवसाठी मी ‘भाऊबंदकी’ बेधडक वापरेन.

पहिला प्रतिसाद: पटलं. अजून एक: केंडल त्या बैठकीच्या मध्येच, शिवचं मत पडण्याआधी, आपण वडिलांचा सगळ्यात मोठा मुलगा असल्याचं ओरडून सांगतो, आणि खरा मोठा आहे त्यांचा सावत्र भाऊ कॉनर. इथे ‘मोठा’ न लिहिता ‘थोरला’ लिहा. देवास संस्थानातल्या पवार बंधूंच्या दोन गाद्या थोरली पाती आणि धाकटी पाती म्हणूनच ओळखल्या गेल्या. ‘मोठा’ नुसतं वय सांगतो, ‘थोरला’ त्यासोबत हक्क सांगतो. केंडल वय नाही, हक्क मागतोय.