निळूभाऊंच्या चळवळीतल्या कामाबद्दल कुणी सांगेल का?

पेठकर: निळू फुले म्हटलं की लोकांना नुसता सिनेमातला पाटीलच आठवतो, पण ते राष्ट्र सेवा दल या समाजवादी संघटनेचे ना? पुण्यात कुणी जवळून पाहिलंय का त्यांना?

जुना_प्रेक्षक: हो, सेवा दलातलेच. इथल्या एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात, माळीकाम करायचे आणि पगार हातात आला की त्यातला काही भाग सेवा दलाला द्यायचे, हे मला त्यांच्या सगळ्या रोल्सपेक्षा मोठं वाटतं. नंतर अभिनेते डॉ. श्रीराम लागूंबरोबर सामाजिक कृतज्ञता निधीसाठी नाटकाचे प्रयोगही केले, कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून.

मुळाकाठ: १९७५चा ‘सामना’ सिनेमा बघाच, साखरसम्राट हिंदुराव काय उभा केलाय, आवाज न चढवता दरारा! आणि १९७९च्या ‘सिंहासन’मध्ये एकदम उलट, पत्रकार दिगू. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातही होते ते.