टोकियोहून कानाझावा: फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीसाठी एका दिवसाची फेरी

प्रश्न – नवा_टोकियोकर
कामानिमित्त वर्षभरासाठी टोकियोत आलो आहे. फिरत्या पट्ट्यावरची सुशी खायची तर जपान समुद्राच्या काठच्या कानाझावालाच जावे, असे सहकारी आग्रहाने सांगतात. सुट्टी एकाच दिवसाची आहे आणि पत्नी मासे खात नाही. केवळ जेवणासाठी एवढा प्रवास करावा का?

उत्तर – मासेखाऊ
अवश्य करावा, पण हिवाळ्यात. २०१५ साली होकुरिकु शिंकान्सेन ही अतिवेगवान रेल्वे कानाझावापर्यंत पोहोचल्यापासून ही फेरी एका दिवसात आरामात होते. ‘कागायाकी’ गाडीने सुमारे अडीच तास लागतात. तिच्यातील सर्व आसने आरक्षित असल्यामुळे तिकीट आधीच काढून ठेवावे. जाऊन-येऊन माणशी साधारण २८ हजार येन पडतात, म्हणजे जेवणापेक्षा प्रवासच महाग. जेआर पास हा रेल्वेचा सवलतीचा पास पर्यटकांसाठी असतो, तेव्हा तुम्ही तो हिशेब सोडून द्या.

थंडीत बुरी मासा चरबी धरतो आणि नोव्हेंबरपासून खेकड्याचा हंगाम सुरू होतो. लहान आकाराची, अंड्यांनी भरलेली खेकड्याची मादी मात्र डिसेंबरअखेरपर्यंतच मिळते. नोदोगुरो हा काळ्या घशाचा मासा वरून किंचित भाजून देतात. त्याची चरबी भातात उतरते तेव्हा पापलेटचा अभिमान बाळगणारा माझ्यासारखा कोकणी माणूससुद्धा गप्प होतो. कानाझावातील ओमिचो मंडईजवळ जेवायचे असेल तर अकराच्या आत पोहोचा, नंतर रांग लागते.

उत्तर – पट्टेवाला
एक पुरवणी जोडतो. पट्ट्यावरून फिरत येणाऱ्या बशीची वाट पाहत बसू नका. समोरच्या कारागिराला सांगून ताजी सुशी करून घ्या, कारण फिरून फिरून मासा कोरडा पडतो. बशीच्या रंगावरून किंमत ठरते, तेव्हा रंगांचा तक्ता आधी पाहून घ्यावा. हा प्रकार जन्मला ओसाकाकडे: योशिआकी शिराइशी यांना बिअरच्या कारखान्यातील सरकत्या पट्ट्यावरून कल्पना सुचली आणि १९५८ साली त्यांनी असे पहिले दुकान काढले. हे पट्टे बनवणारे प्रमुख कारखाने मात्र कानाझावा ज्या इशिकावा प्रांतात आहे, तिथलेच.

उत्तर – शाकाहारी_सून
ताईंसाठी माकी, म्हणजे भाताच्या गुंडाळ्या, बऱ्या: काकडीची काप्पा-माकी आणि आंबवलेल्या सोयाबीनची नात्तो-माकी बहुधा चालतात. नात्तोचा वास व चिकटपणा सोसला पाहिजे, एवढेच. गोड तळलेल्या टोफूत भात भरलेली इनारी शाकाहारी दिसते, परंतु तो टोफू बहुधा सुक्या माशाच्या ‘दाशी’ रसात शिजवलेला असतो; सुक्या दुध्याच्या पट्ट्यांची कान्प्यो-माकी, अंड्याचे तामागो आणि मिसो सूप यांचेही तेच. मी पहिल्या खेपेस चार इनारी खाल्ल्यावर हे कळले. त्यामुळे बसण्यापूर्वीच दाशीबद्दल विचारावे, आणि एखादा डबा सोबत ठेवून तो परतीच्या गाडीत उघडावा. शिंकान्सेनमध्ये आसनावर बसून जेवण्यास कोणाची हरकत नसते.