वेंगर यांची बावीस वर्षं : तुमच्या मनात काय उरलंय?

१९९६ साली जपानमधल्या नागोया ग्राम्पस क्लबमधून आर्सेन वेंगर इंग्लंडच्या आर्सेनल या फुटबॉल क्लबचे व्यवस्थापक म्हणून आले, तेव्हा हे कोण गृहस्थ, असा प्रश्न लंडनच्या वर्तमानपत्रांना पडला होता. २०१८ मध्ये ते गेले तेव्हा १,२३५ सामने, तीन लीग विजेतेपदं आणि सात एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) त्यांच्या नावावर होते, आणि ‘आता जा’ म्हणणारे फलकही झळकून गेले होते. हे सगळं पाहिलेल्यांनी मोकळेपणाने लिहा. नुसता गौरव नको, नुसता रागही नको.

मी सुरुवात करतो. माझ्या मते उतरण सुरू झाली ती २००६ मध्ये, हायबरी हे जुनं मैदान सोडलं तेव्हा. साठ हजारांचं नवं स्टेडियम, एमिरेट्स, उभं राहिलं, पण कर्जापायी हात आखडला. २०११ मध्ये फाब्रेगास गेला, नासरी गेला. पुढच्या वर्षी व्हॅन पर्सी तर थेट मँचेस्टर युनायटेडला, आणि लगेच त्यांना लीग जिंकून दिली. असे मोहरे जात असतानाही वेंगर २०१६ पर्यंत दरवर्षी लीगमध्ये पहिल्या चारांत राहिले. करंडकांच्या हिशेबात ही कामगिरी कुठेच दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

ठाणे
मी वेंगर यांच्याही आधीपासूनचा, म्हणजे ‘एक गोल करा आणि दार लावून घ्या’ या काळातला चाहता. वेंगर आले आणि खेळाडूंचं ताट बदललं, व्यायाम बदलला, ॲडम्ससारख्या बचावपटूची कारकीर्द लांबली. मे १९९८ मध्ये एव्हर्टनविरुद्ध ॲडम्सने पुढे धावत जाऊन डाव्या पायाने मारलेला गोल आठवा! आधीच्या आर्सेनलमध्ये सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, तिथे पोचलाच नसता.
पण माझ्यासाठी त्यांचा सर्वांत मोठा दिवस फेब्रुवारी १९९९ चा. एफए कपमध्ये शेफिल्ड युनायटेडने जखमी खेळाडूसाठी चेंडू बाहेर मारला. आमच्या पार्लरने तो रीतीप्रमाणे त्यांच्याकडे परत फेकला, पण नवख्या कानूने मध्येच पकडला आणि ओव्हरमार्सने गोल केला. नियमात बसत होतं, आम्ही २-१ जिंकलोही. सामना संपताच वेंगर यांनी स्वतःहून पुन्हा खेळायची तयारी दाखवली. पुन्हा खेळले, पुन्हा २-१ जिंकले. २००३-०४ चा अजिंक्य हंगाम, २६ विजय आणि १२ बरोबऱ्या, सगळे सांगतात. मी मुलाला आधी हे सांगितलं.

कोल्हापूर
शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅच बघत वाढलेल्या माणसाला, मधल्या फळीत दांडगा गडी नसला की टीम कशी फुटते हे शिकवावं लागत नाही. २००५ ला व्हिएरा गेला, २००८ ला जिल्बर्टो आणि फ्लामिनी गेले. तोडीचा गडी आलाच नाही. पासिंग डोळ्यांचं पारणं फेडणारं, पण समोरचा अंगावर आला की संपलं. ऑगस्ट २०११, मँचेस्टर युनायटेडचं ओल्ड ट्रॅफर्ड, ८-२ ने हरलो. पैसा नव्हता हे मान्य, पण जोर कुठं कमी पडतोय हे वर्षानुवर्षं दिसत होतं, आणि त्यांना ते दिसू नये याचा राग आजही आहे.

मडगाव
आमच्याकडे आर्मांदो कुलासो यांनी प्रशिक्षक म्हणून दीर्घकाळ गोव्याचा धेंपो क्लब सांभाळला, राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच वेळा देशात पहिला आणला. इतकी वर्षं एक माणूस राहिला की प्रेक्षकाची नजरच त्याच्यासारखी होते. आर्सेनलवाल्यांना सुंदर खेळच हवा असतो, ती सवय वेंगर यांची.

लंडन
शेवटच्या हंगामात एमिरेट्सवर रिकाम्या खुर्च्या दिसायच्या. तिकीट विकलेलं, माणूस घरी. शेजारी बसणारे बापलेक वेंगर यांच्यावरून भांडायचे, ते मला ऐकवायचं नाही. ६ मे २०१८ ला मात्र बर्नलीविरुद्ध स्टेडियम भरलं होतं. ५-० जिंकलो. वेंगर यांनी माईक हातात घेतला आणि सगळ्यात आधी मँचेस्टर युनायटेडचे माजी व्यवस्थापक फर्ग्युसन यांना बरं वाटावं म्हणून सदिच्छा दिल्या. आदल्याच दिवशी फर्ग्युसन यांच्यावर मेंदूची शस्त्रक्रिया झाली होती. इतक्या वर्षांचं वैर, आणि स्वतःच्या निरोपाच्या दिवशी पहिले शब्द त्यांच्यासाठी. मी रडले.

नागपूर
मी २००८ पासून बघतोय, म्हणजे त्यांनी लीग जिंकलेली मी पाहिलीच नाही. माझे वेंगर २०१४ च्या एफए कप फायनलचे. हल सिटीने सुरुवातीलाच दोन गोल ठोकले, मग काझोर्लाची फ्री किक, कोसिएल्नी, आणि जादा वेळेत रॅम्सी. इथे मध्यरात्र होत आली होती. तेव्हाच निरोप घ्यायला हवा होता, असं अनेक जण म्हणतात. जर्मनीच्या बायर्न म्युनिककडून तीनदा ५-१ पाहावं लागलं नसतं, हे खरं. पण मग २०१५ आणि २०१७ चे कपही त्यांच्या हातून आले नसते, आणि चेल्सीला हरवलेली ती २०१७ ची फायनल मी कुणालाही द्यायला तयार नाही.