व्हर्च्युअल असिस्टंटचा व्यवसाय: संकेतस्थळ तयार आहे, ग्राहक मात्र येत नाहीत

टाचणी:

नमस्कार. मी ११ वर्षे एका संचालकांची स्वीय सहायक म्हणून काम केले. तीन महिन्यांपूर्वी ती नोकरी सोडून घरून व्हर्च्युअल असिस्टंट, म्हणजे इंटरनेटवरून दूरच्या ग्राहकांची कार्यालयीन कामे करणारी सहायक, म्हणून स्वतंत्र काम करण्याचे ठरवले. बैठकांची जुळवाजुळव, पत्रव्यवहार, प्रवासाची आरक्षणे, इतिवृत्ते आणि खर्चाचे हिशेब ही सर्व कामे मी इतकी वर्षे रोज केली असल्यामुळे कामाची भीती वाटत नाही. अडचण आहे ती काम मिळवण्याची.

मी संकेतस्थळ केले आणि त्यावर १७ सेवांची यादी दिली. लिंक्डइनवर आठवड्यातून दोनदा लिहिते. आजवर दोनच चौकश्या आल्या. पहिल्या गृहस्थांनी 'तुम्ही नेमके काय करता?' असे विचारले; मी सविस्तर उत्तर पाठवले, त्यानंतर त्यांच्याकडून काहीही आले नाही. दुसऱ्यांनी एक आठवडा विनामूल्य काम करून दाखवा असे सुचवले. माझे प्रश्न असे: सेवा कमी कराव्यात की आणखी वाढवाव्यात, दर तासावर ठेवावा की महिन्यावर, आणि माझी काहीच ओळख नसलेल्या माणसापर्यंत पोहोचावे तरी कसे?

जुनी फाइल:

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या गृहस्थांनी आधीच दिले आहे. १७ सेवांची यादी वाचूनही ज्याला 'नेमके काय करता' असे विचारावे लागते, त्याला यादीत स्वतःचे काम सापडलेले नाही. व्हर्च्युअल असिस्टंट हवा आहे अशा शब्दांत विचार करणारे ग्राहक फार थोडे असतात. बाकीच्यांच्या डोक्यात 'इनबॉक्समध्ये ३०० पत्रे पडून आहेत' किंवा 'त्या माणसाला बीजक पाठवायचे पुन्हा राहिले' असे काहीतरी घोळत असते, आणि तुमचे वाक्य त्या विचाराला जाऊन भिडले तरच ते थांबून वाचतात.

म्हणून एक ग्राहकवर्ग निवडा आणि त्याच्या कामाचा एक पूर्ण फेरा आपल्याकडे घ्या. उदाहरणार्थ, ऑनलाइन कार्यशाळा घेणारे प्रशिक्षक पाहा. प्रत्येक कार्यशाळेला नोंदणी होते, पैसे आल्याची पोच द्यावी लागते, ज्यांचे पैसे आले नाहीत त्यांना आठवण करावी लागते, बैठकीचा दुवा पाठवावा लागतो, गैरहजर राहिलेल्यांना ध्वनिचित्रमुद्रण पुरवावे लागते, शेवटी प्रमाणपत्रे आणि अभिप्राय असतात. शिकवणे हे त्या माणसाचे कौशल्य असते. हा पसारा तो रात्री उशिरा आणि कुरकुरत उरकतो. 'नोंदणीपासून प्रमाणपत्रापर्यंतचे सगळे काम मी पाहते' हे एक वाक्य तुमच्या १७ सेवांपेक्षा अधिक विकले जाईल, जरी प्रत्यक्षात त्यात त्यांतल्याच नऊदहा सेवा असल्या तरी.

आता पोहोचण्याविषयी. अनोळखी माणसापासून सुरुवात करूच नका. ज्यांनी तुमचे काम पाहिले आहे अशा लोकांची नावे कागदावर काढा: पूर्वीचे सहकारी, पुरवठादार, लेखापाल, तुमच्यामार्फत संचालकांची वेळ घेणारे सल्लागार. ११ वर्षांत असे ४० लोक तरी सहज निघतील. (जुन्या नोकरीच्या करारात तेथील ग्राहकांशी संपर्क साधण्यावर बंधन असेल, तर ते आधी वाचून ती नावे वगळा.) प्रत्येकाला स्वतंत्र पत्र लिहा आणि काम मागण्याऐवजी 'अशा कामाने गांजलेले कोणी तुमच्या ओळखीचे आहे का' एवढेच विचारा. माझे पहिले तीन ग्राहक अशाच चौकशीतून आले. त्याआधीचे दोन महिने मी बोधचिन्हाचा रंग ठरवण्यात घालवले होते, ते आठवले की आजही संकोच वाटतो.

अनोळखी व्यक्तीला लिहायचेच असेल, तर आधी तिची ग्राहक होऊन पाहा. मी एका प्रशिक्षकांना पुढील मजकूर पाठवला होता: 'गेल्या आठवड्यात आपल्या कार्यशाळेला मी उपस्थित होते आणि दुसऱ्या सत्रातील उदाहरणे मला फार उपयोगी पडली. पैसे भरल्याची पोच मात्र तिसऱ्या दिवशी आली आणि दुव्यासाठी मला पुन्हा लिहावे लागले. पैसे जमा होताच पोच, दोन दिवस आधी आठवण आणि एक तास आधी दुवा, एवढे काम मी आपल्यासाठी सांभाळू शकते. पुढच्या कार्यशाळेपुरते करून पाहावे का?' पत्र एवढेच होते. त्यात माझ्या अनुभवाची वर्षे नव्हती आणि संकेतस्थळाचा पत्ता फक्त सहीखाली होता. तक्रारीचा सूर लागू नये म्हणून ते मी चार वेळा पुन्हा लिहिले, हेही सांगते.

हिशेबी:

दराबद्दल लिहितो, कारण नवीन माणूस सर्वाधिक तेथेच फसतो. बहुतेक जण जुना पगार घेतात, त्याला कामाच्या तासांनी भागतात आणि तोच दर सांगतात. नोकरीत आठवड्याचे ४० तास धरले, तर ५२ आठवड्यांचे २,०८० तास होतात, आणि रजेसह त्या सर्वांचा पगार मिळतो. स्वतंत्र कामात ग्राहक शोधणे, बीजके करणे, नवी साधने शिकणे आणि बुडीत पैशांचा पाठपुरावा करणे यांचे पैसे कोणी देत नाही. आठवड्याला २४ तास बीजकात लावता आले आणि आजारपण व सुट्या धरून वर्षाचे ४६ आठवडे काम झाले, तर हाती १,१०४ तास येतात. म्हणजे पूर्वीइतकेच उत्पन्न हवे असेल तर तासाचा दर जुन्या दराच्या जवळजवळ १.९ पट ठेवावा लागेल, आणि त्यात संगणक, सॉफ्टवेअर व विमा अजून धरलेलाच नाही.

हा दर स्वतःच्या हिशेबासाठी ठेवा. ग्राहकाला मात्र महिन्याचा ठरावीक आकडा सांगा. महिन्याला २० तास, रक्कम आगाऊ, आणि न वापरलेले तास फक्त पुढच्या महिन्यापर्यंत चालतील, ही अट करारात स्पष्ट लिहा. मी ती लिहिली नव्हती. एका ग्राहकाने चार महिन्यांत साठलेले ३१ तास एकाच आठवड्यात मागितले, आणि करारात काहीच नसल्यामुळे मला ते द्यावे लागले. त्या आठवड्यात दुसऱ्या ग्राहकाचे काम मागे पडले आणि तो निघून गेला.

आठवडाभर विनामूल्य कामाला स्पष्ट नकार द्या. चाचणी जरूर घेऊ द्या, पण ती चार तासांची, पूर्ण दराने आणि ठरलेल्या एकाच कामाची असावी. फाइव्हरसारख्या स्वतंत्र कामांच्या ऑनलाइन बाजारपेठांतून सुरुवात करणार असाल, तर तेथे विक्रेत्याच्या कमाईतून २० टक्के कापले जातात. हाती १०० हवे असतील तर १२५ आकारावे लागतात.

टाचणी:

दोघांचेही मनापासून आभार. आणखी एक शंका आहे. एका परिचितांशी बोलणे झाले, त्यांना त्यांचा इनबॉक्स माझ्याकडे सोपवायचा आहे आणि पासवर्ड संदेशातून पाठवतो असे ते म्हणतात. मला ते योग्य वाटत नाही, पण नाही म्हटले तर काम हातचे जाईल अशीही भीती वाटते.

कुलूपकिल्ली:

पासवर्ड घेऊ नका, आणि का घेत नाही हे त्यांना सांगा; काम जाण्याऐवजी तुमच्यावरचा विश्वास वाढेल. जीमेलमध्ये प्रतिनिधी नेमण्याची सोय आहे. संगणकावरून सेटिंग्जमध्ये जाऊन खातेधारक तुमचा पत्ता जोडतो, तुम्ही ते निमंत्रण स्वीकारता आणि तुमच्याच खात्यातून त्यांची पत्रे वाचू, पाठवू किंवा काढून टाकू शकता. पासवर्ड मात्र बदलू शकत नाही. व्यक्तिगत खात्याला असे १० प्रतिनिधी नेमता येतात. जेथे ही सोय नाही तेथे बिटवॉर्डन किंवा वनपासवर्डसारखे पासवर्ड सांभाळणारे साधन वापरून सामायिक तिजोरीतून प्रवेश घ्यावा. काम संपल्याच्या दिवशी कोणकोणते प्रवेश बंद करायचे याची यादी पहिल्याच दिवशी करून ठेवा.

ग्राहक युरोपीय संघातला असेल, तर २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या नियमांच्या २८व्या कलमानुसार, त्याच्या वतीने लोकांची वैयक्तिक माहिती हाताळणाऱ्याशी बंधनकारक लेखी करार आवश्यक आहे. असा मसुदा तुम्ही स्वतःहून पुढे केलात, तर तुमच्या प्रस्तावाचे वजन वाढते. मी माझ्या प्रस्तावात 'मी तुमचा पासवर्ड कधीही मागणार नाही' हे वाक्य सेवांच्याही वर लिहितो.

रात्रपाळी:

'जुनी फाइल' यांच्याशी मी थोडा असहमत आहे. पहिल्याच दिवशी एक ग्राहकवर्ग निवडायला अंदाजावर विसंबावे लागते. मी पहिले दोन ग्राहक मिळेल त्या कामासाठी घेतले, मात्र टॉगल या वेळ नोंदवण्याच्या साधनात प्रत्येक कामाची वेळ नोंदवत राहिलो. सहा महिन्यांनी पाहिले तर निम्म्याहून अधिक वेळ वेगवेगळ्या देशांतील लोकांच्या बैठका जुळवण्यात गेला होता, आणि त्याच कामाबद्दल ग्राहक आपणहून धन्यवाद देत होते. मग मी तेवढेच विकू लागलो.

त्या कामात मी एकदा सपशेल आपटलो होतो. उन्हाळ्यासाठी अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे दोन्हीकडच्या वेळांतील फरक नेहमीपेक्षा एक तासाने कमी असतो. मी नेहमीच्या फरकाने वेळ मोजली आणि एका ग्राहकाला रिकाम्या बैठकीत तासभर बसवले. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून कॅलेंडरमधील प्रत्येक नोंद मी शहराच्या वेळेनुसार करतो, आणि दरवर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस सर्व ग्राहकांना पुढील आठवड्यांत कोणत्या बैठका सरकतील याचे अर्ध्या पानाचे टिपण पाठवतो. एका ग्राहकाने ते टिपण आपल्या मैत्रिणीला पाठवले आणि त्या आज माझ्या सर्वांत जुन्या ग्राहकांपैकी एक आहेत. जाहिरात म्हणून मी एवढेच करतो.

टाचणी:

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. एकूण २२ पत्रे पाठवली, सात उत्तरे आली आणि एका सल्लागारबाईंकडे चार तासांची सशुल्क चाचणी उद्या सुरू होते. इनबॉक्स सोपवू पाहणाऱ्या परिचितांनी प्रतिनिधी म्हणून माझे नाव जोडले. संकेतस्थळावरची यादी काढून तेथे एकच वाक्य ठेवले आहे: 'स्वतंत्र सल्लागारांच्या बैठका, त्यांची इतिवृत्ते, बीजके आणि इतर अनुषंगिक कामे मी सांभाळते.' कसे वाटते?

जुनी फाइल:

'आणि इतर अनुषंगिक कामे' हे शब्द काढून टाका. चाचणीच्या दुसऱ्या तासाला त्या बाई त्याच शब्दांवर बोट ठेवून प्रवासाची आरक्षणे सांगतील. त्याऐवजी 'बैठक संपल्यावर २४ तासांत इतिवृत्त आणि बीजक पाठवले जाईल' असे लिहा, आणि त्याबाहेरचे काम निघाले तर त्याचा दर वेगळा सांगा.