शर्यतीत दुसऱ्याच्या आडोशाने येऊन शेवटी पुढे जाणे गैर आहे का?

आरेवारे
नमस्कार. मी रत्नागिरीचा. दीड वर्षापासून एका हौशी सायकल गटाबरोबर दर रविवारी पहाटे आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जातो. गेल्या महिन्यात पावसमार्गे पूर्णगडापर्यंत जाऊन परत येण्याची स्थानिक शर्यत झाली. परतताना सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, वारा आडवा आला, तेव्हा आमच्याच गटातले एक काका पुढे होते आणि मी शेवटचे ८ किलोमीटर त्यांच्या मागच्या चाकाला चिकटून राहिलो. दोनदा त्यांनी कोपर हलवून पुढे येण्याची खूण केली; मला ती कळली, पण पायांत काही उरणार नाही या भीतीने मी गेलो नाही. शेवटच्या २०० मीटरमध्ये मात्र त्यांना मागे टाकून मी तिसरा आलो, काका चौथे आले. तेव्हापासून रविवारच्या चहाला माझ्याशी कोणी मोकळेपणाने बोलत नाही. मी कोणता नियम मोडला, हे मला मनापासून समजून घ्यायचे आहे.

जांभा
नियम कोणताच मोडलेला नाही. सर्वांनी एकत्र सुटण्याच्या शर्यतीत आडोशाला राहणे मान्यच असते. पण त्यातून तुम्हाला काय मिळाले, ते पाहा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती तर घनाच्या प्रमाणात. त्यामुळे सपाटीवर ताशी ३५ किलोमीटरने जाताना बहुतेक दम हवा कापण्यातच खर्च होतो, आणि हातभर मागे राहणाऱ्याचे पाव हिस्सा तरी कष्ट वाचतात. चढावर वेग उतरला की हा फायदा फारच थोडा उरतो. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा वेगळा मान मिळतो, त्यामागचे एक मर्म मला हेच वाटते. तुमच्या सड्यावर मात्र सकाळचा जमिनीवरून येणारा मतलई वारा पडून समुद्रावरून येणारा खारा वारा सुटला होता, आणि तो ८ किलोमीटर एकट्या काकांनी अंगावर घेतला. कोपराची खूण म्हणजे ‘आता पुढे राहून वारा झेलायची पाळी तुझी’ असे सांगणे. परक्याने ती पाळी नाकारली तर तो डाव म्हणून सोडून देता येतो. रविवारच्या सोबत्याने नाकारली की मनाला लागते.

खाडीपल्याड
मला हे पूर्ण पटत नाही. शर्यतीत दम राखून ठेवणे हे कौशल्य आहे, आणि काकांनाही वेग उतरवून तुम्हाला पुढे जायला भाग पाडता आले असते. शिवाय उत्तरेकडे परतताना वारा डावीकडून समोरून येतो, म्हणजे आडोसा उजवीकडे, रस्त्याच्या मध्याकडे मिळतो. आपल्या अरुंद रस्त्यावर मागून एसटी येत असताना तिथे राहणेही सोपे नाही. माझी खरी तक्रार वेगळी आहे. असे संकेत नव्या माणसाला कोणी आधी सांगत नाही, आणि चुकल्यावर मात्र सगळे गप्प होतात. मी गटात आले तेव्हा खड्डा दाखवण्याची खूणसुद्धा मला पडल्यावर कळली. पुढे राहण्याची पाळी घ्यायला गेले, तर मी बाई म्हणून दोघेतिघे लगेच वेग वाढवून मला मागे टाकत. माझी पाळी त्यांना नकोच होती. हक्काची पाळी मिळणे हाही मानाचाच भाग आहे, हे मला तेव्हा समजले.

दोनशेवाला
तुमच्या गटातले बहुतेक जण बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करणारे आहेत का? तिथे २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ६०० ला ४० तास मिळतात, वेळेत पोहोचलेल्यांची क्रमवारी लावली जात नाही, आणि रात्री पाळ्या वाटून घेतल्याशिवाय निभावणे अवघड जाते. त्या सवयीच्या माणसांना शर्यतीतला हिशेब निष्ठुर वाटतो. यात दोष कोणाचा नाही; पण शर्यतीच्या आदल्या दिवशी ‘उद्या आपण गट म्हणून धावणार की प्रत्येकजण स्वतःसाठी?’ एवढे विचारून घ्यावे.

आरेवारे
सर्वांचे आभार. हो, बहुतेक जण बीआरएमचेच आहेत. काल संध्याकाळी काकांच्या घरी जाऊन आलो. चाकाला चिकटल्याचा त्यांना राग नव्हता; दुसऱ्या खुणेनंतर मी ‘दम नाही’ एवढे जरी ओरडून सांगितले असते, तरी त्यांनी समजून घेतले असते, असे ते म्हणाले. येत्या रविवारी नेवऱ्यापासून भंडारपुळ्यापर्यंत पुढे मी राहणार आहे.