कोल्हापूरची म्युझियमं आणि खाणं: माझं मत सांगते, तुमचं सांगा (घरचे यायलेत)

मेघा_परभणी:

नमस्कार सगळ्यांना. मी परभणीची, शिवाजी विद्यापीठात इतिहासात एमए करते, हॉस्टेलवर राहते. पुढच्या आठवड्यात आई-बाबा आणि बारावीतला भाऊ पहिल्यांदाच कोल्हापूरला यायलेत, शनिवारी सकाळी पोचतील आणि रविवारी रात्रीच्या गाडीनं परत. अंबाबाई आणि रंकाळा होणारच, ते विचारत नाही. बाकी काय दाखवू आणि कुठं जेवू घालू यावर माझी मतं तशी पक्की आहेत पण इथल्या लोकांचं ऐकायचंय, म्हणून आधी माझं सांगते, मग तुम्ही बिनधास्त भांडा.

माझ्या मते कोल्हापुरातलं सगळ्यात भारी म्युझियम टाऊन हॉल. सीपीआर दवाखान्यासमोर, भाऊसिंगजी रोडला, सगळ्यांना माहीत आहे, बागेत सगळे बसतात, पेशंटचे नातेवाईक डबा तिथंच खातात, पण आत किती जण जातात? माझ्या वर्गातल्या कोल्हापूरच्याच पोरापोरींनी आतून बघितलेलं नाही आणि मला याचं खरंच वाईट वाटतं. आत ब्रह्मपुरीच्या वस्तू आहेत. ब्रह्मपुरी म्हणजे पंचगंगेच्या काठची टेकडी, १९४५-४६ ला डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी तिथं उत्खनन केलं. त्याच टेकडीत पोसायडनची ब्राँझची मूर्ती सापडली, ग्रीक लोकांचा समुद्राचा देव. जेमतेम वीतभर उंची, पण अंगाचे स्नायू, उभं राहायची ढब बघितली की कळतं हे काम आपल्याकडचं नाही, रोमन जगातून आलेलं आहे. बंदरावर उतरून, घाट चढून, सातवाहनांच्या काळात हे कुणीतरी कोल्हापुरात आणलं! पुस्तकात रोमशी व्यापार चालायचा एवढी एक ओळ वाचून आम्ही पेपर लिहितो आणि इथं तो व्यापार काचेच्या पलीकडं उभा आहे. तिथंच एक ब्राँझचा हत्ती पण आहे, पाठीवर एवढी एवढी माणसं दाटीवाटीनं बसलेली. भावाला मी हेच आधी दाखवणार.

न्यू पॅलेस मी दोन नंबरला ठेवते. इमारत जबरदस्त, काळ्या दगडाची, मधे घड्याळाचा टॉवर, दरबार हॉलच्या काचांवर शिवरायांच्या आयुष्यातले प्रसंग. पण पेंढा भरलेले वाघ-बिबटे बघत पुढं सरकायचं यात माझं मन रमत नाही, आणि रविवारी गर्दीत कुठल्याच वस्तूसमोर निवांत उभं राहता येत नाही.

आता खाणं. बाबा आणि भाऊ मटणावर तुटून पडणारे, आई पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूण चालतं. कोल्हापुरात येऊन तिनं पनीर आणि बटर नान खाऊन परत जावं हे मला अजिबात पटत नाही. तिच्यासाठी काय? आणि रविवारी कणेरी मठ (तिथलं ग्रामजीवनाचं म्युझियम) करू का पन्हाळा गड? दोन्ही होत नाही असं मैत्रिणी म्हणतात. बजेट विद्यार्थ्याचं आहे, म्हणजे केएमटीची सिटी बस आणि रिक्षा.

---

पेठेतला_भाऊ:

ताई पहिलं म्हणजे टाऊन हॉलबद्दल बोललीस ते काळजाला लागलं, आम्ही शाळेत असताना एकदा सहलीत गेलो त्यानंतर पाय ठेवला नाही, या आठवड्यात जातो. पण न्यू पॅलेसला दोन नंबर देतीस ते काय मला पटत नाही. तुझ्या बाबांना विचार काय आवडलं, शंभर टक्के पॅलेस म्हणणार. तिथली हत्यारं, शाहू महाराजांच्या वापरातल्या वस्तू, शिकारीचे फोटो हे बघताना आमच्याकडची म्हातारी माणसं एकेका फोटोपुढं थांबून गोष्टी सांगत्यात, ते ऐकायला मिळालं पाहिजे. शिकारीचं म्हणशील तर तो त्या काळाचा भाग आहे, लपवून काय होणार. आणि एक सांगतो, टाऊन हॉल, समोरचं सीपीआर आणि न्यू पॅलेस, तिन्ही इमारती मेजर मँट नावाच्या एकाच इंग्रज इंजिनिअरनं आखल्यात. टाऊन हॉल १८७६ ला झाला, पॅलेस १८८४ ला. बडोद्याचा लक्ष्मी विलास पण त्याचाच. त्यामुळं आधी टाऊन हॉलच्या बागेतनं ते उतरतं छप्पर आणि दोन टोकदार मनोरे नीट बघा, मग पॅलेसला जा, भावाला सांग यात सारखं काय आणि वेगळं काय ते शोध. बारावीतलं पोरगं आहे, मोबाईल खिशात ठेवून बघंल.

वेळेचं सांगतो. पॅलेस शनिवारी दुपारीच उरकून टाक, रविवारी नको. टाऊन हॉल सोमवारी बंद असतं, तुमचं शनिवार-रविवार आहे त्यामुळं अडचण नाही.

मिसळीबद्दल काहीच लिहिलं नाहीस!! शनिवारी गाडीतनं उतरल्यावर आंघोळ करून पहिलं काम मिसळ. उद्यमनगरात फडतरे सगळ्यांना माहीत आहे, मला पण आवडती, पण पाहुणे घेऊन जायचं तर लवकर जा, उशीर केला की रांग. माझं मत विचारशील तर कसबा बावड्याला जा, बावडा मिसळ. मटकी, बटाट्याची भाजी, वर फरसाण, कांदा, आणि मग कट, म्हणजे तिखट रस्सा. कट आधी थोडाच घ्यायचा, चव बघायची, मग मागायचा, परत परत मागायचा, कोण काय म्हणत नाही. आणि सोबत पाव मिळत नाही, स्लाईस ब्रेड मिळतो, बाबांना आधीच सांगून ठेव. ही मिसळ शाकाहारीच की, आईचा एक प्रश्न तर इथंच सुटला.

---

कुंचला_कोपू:

मी इथंच चित्रकलेचा डिप्लोमा करतोय, म्हणून चित्रांबद्दल बोलतो, बाकी मला जास्त कळत नाही. मेघा, तू टाऊन हॉलमधलं ब्राँझ सांगितलंस पण चित्रं का सोडलीस? आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांचं काम तिथं आहे. आबालाल मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकून परत कोल्हापूरला आला आणि कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगा हेच आयुष्यभर रंगवत राहिला. आमचे सर म्हणतात की आधी आबालालचा रंकाळा बघा आणि मग संध्याकाळी खऱ्या रंकाळ्यावर जाऊन बसा, पाण्यावरचा उजेड वेगळा दिसायला लागतो. मी करून बघितलंय, खरं आहे. तुमचा रंकाळा ठरलेलाच आहे तर त्याच दिवशी दुपारी टाऊन हॉल ठेवा, उलटं करू नका.

दुसरं, राजारामपुरी सातव्या गल्लीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे. हे कुणीच सांगत नाही!! चंद्रकांत म्हणजे जुन्या मराठी सिनेमातले हिरो, तुझ्या बाबांना तोंडपाठ असतील. पण ते चित्रकार म्हणून किती मोठे होते ते तिथं गेल्यावर कळतं. पावडर शेडिंगची निसर्गचित्रं, म्हणजे ब्रश नाही, पाणी नाही, कोरडी रंगाची पूड कागदावर घासत घासत डोंगर, धुकं, झाडं काढलेली. जवळ जाऊन बघितलं तरी रेघ सापडत नाही, एक रंग कुठं संपला आणि दुसरा कुठं लागला ते कळत नाही, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा कागदाला नाक लावायचंच बाकी ठेवलेलं. त्यांनी आपलं राहतं घरच या संग्रहालयासाठी देऊन टाकलं. घरात फिरल्यासारखं निवांत बघता येतं. माझ्यासाठी कोल्हापुरातलं एक नंबर म्युझियम हेच, टाऊन हॉल दोन, पॅलेस तीन. पेठेतल्या भावाला राग आला तरी चालंल 🙂

---

वहिनीसाहेब_कागल:

मेघा, आईसाठी मी सांगते. आमच्या घरात पण सासूबाई शाकाहारी आणि बाकी सगळे रश्शावाले, त्यामुळं बाहेर जेवायला गेलं की हाच प्रश्न. पनीर अजिबात नको. अख्खा मसूर माग, इकडच्या ढाब्यांवर, साध्या हॉटेलात सगळीकडं मिळतो, सोबत भाकरी किंवा रोटी आणि कांदा. झणझणीत असतो, आधी सांगितलं तर तिखट कमी करून देतात. दुसरं झुणका-भाकरी, खर्डा आणि दही, हे पन्हाळ्यावर बायका चुलीवर करून देतात, गरम भाकरी थेट ताटात पडते, तुझ्या आईला नक्की आवडणार. मराठवाड्याच्या माणसाला ज्वारीची भाकरी नवी नाही पण इकडची भाकरी पातळ आणि मोठी, खर्डा म्हणजे हिरव्या मिरचीचा ठेचा, मिरची तव्यावर भाजून लसूण, मीठ घालून रगडलेला.

संध्याकाळी खासबागजवळ राजाभाऊंची भेळ. आणि सोळंकीचं कॉकटेल, घाबरू नको, फळं आणि आईस्क्रीमचं असतं ते. रात्री जेवून फिरायला निघालात की गंगावेशीत म्हशीचं दूध, समोर धार काढून ग्लासात देतात, वर फेस. शहरात असं कुठं बघायला मिळतंय?

मटणाबद्दल एवढंच, बाबांना सांग पांढरा रस्सा भातावर ओतायचा नाही, आधी वाटीतून नुसता प्यायचा. मटणाच्या पाण्यात नारळाचं दूध, खसखस, काजू, खडा मसाला, लाल मिरचीचा थेंब नाही. लोकांना वाटतं कोल्हापुरी म्हणजे नुसतं जाळ. तांबड्यात सुद्धा आधी मसाल्याची चव लागली पाहिजे, तिखट मागून आलं पाहिजे. डोळ्यातून पाणी यायला लागलं की समज घरच्या कांदा-लसूण मसाल्यात हात आखडला आणि नुसती तिखटाची पूड घातलीय. हायवेवर बोर्ड मोठे लावलेल्या ठिकाणी आम्ही असंच खाऊन आलोय, पैसे पण जास्त गेले. ओपल किंवा पद्मा गेस्ट हाऊस, दोन्ही जुनी नावं, बाबांना आणि भावाला तिकडं ने. त्या वेळी आईला हॉटेलात बसवून ठेवू नकोस, तिचं आधी पोटभर झालेलं असू दे.

कणेरी का पन्हाळा? कणेरी. सिद्धगिरीचं ग्रामजीवन म्युझियम बघून आमच्या सासूबाई रडल्या होत्या. माणसाएवढे पुतळे, लोहार भात्यासमोर, कुंभार चाकावर, न्हावी झाडाखाली दाढी करतोय, मोट, मळणी, सगळं जिथल्या तिथं मांडलंय. तुझे आई-बाबा खेड्यात वाढले असतील तर तुला काही समजावून सांगावं लागणार नाही, तेच तुला सांगतील.

---

पेठेतला_भाऊ:

वहिनी खाण्याचं सगळं मान्य पण कणेरी??? पोरगी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, तिला पन्हाळा सोडून सिमेंटचे पुतळे बघायला पाठवताय. महाराज सिद्दीच्या वेढ्यातनं निसटले तो गड, १६६० सालचा. तीन दरवाजा, अंबरखाना, धान्याची एवढी मोठी कोठारं. भाकरी-खर्डा पण तिथंच आहे, तुम्हीच म्हणालात.

---

वहिनीसाहेब_कागल:

दादा ती इथंच शिकतीय, पन्हाळ्याला मैत्रिणींबरोबर कधीपण जाईल. आई-बाबा परत कधी येणार? त्यांच्या आयुष्यातलं जे आहे ते त्यांना बघू दे की.

---

जुना_विद्यार्थी:

मी १९८० च्या दशकात राजाराम कॉलेजला शिकलो, आता निवृत्त आहे. मेघा बाळ, तू हॉस्टेलवर राहतेस म्हणून एक वेगळी गोष्ट सुचवतो, तिला तिकीट लागत नाही. टाऊन हॉलवरून दसरा चौकात चालत जा. शाहू महाराजांचा पुतळा आहे आणि शेजारी मुस्लिम बोर्डिंग. महाराजांनी १९०१ ला मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया बोर्डिंग काढायला मदत केली, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, मग मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल, अशी एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली. खेड्यातला पोरगा शहरात शिकायला आला तर राहणार कुठं, जेवणार कुठं, हा प्रश्न त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखला. माझे वडील बोर्डिंगमध्ये राहून शिकले म्हणून मी शिकलो. लेकीला परभणीहून एवढ्या लांब पाठवणाऱ्या आई-बाबांना तू हे तिथं उभं राहून सांग, काचेतल्या कुठल्याही वस्तूपेक्षा ते त्यांना जवळचं वाटेल असं मला वाटतं.

मग पुढे खासबाग मैदान बघा. १९१२ चं, बशीसारखा खोलगट आखाडा, कुठल्याही कोपऱ्यात बसलं तरी कुस्ती दिसते. शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह, महाराजांनी १९१५ ला पॅलेस थिएटर म्हणून बांधलेलं, ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं. त्या रात्री आम्ही कित्येक जण तिथं जाऊन नुसते उभे होतो. राजाभाऊंची भेळ तिथून जवळच आहे, वहिनींनी सांगितलंच आहे.

विद्यापीठातलं वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय पण विसरू नकोस, तुझ्या आवारातच आहे. मराठीतले पहिले ज्ञानपीठ विजेते.

---

मेघा_परभणी:

बापरे, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काका, बोर्डिंगचं अभ्यासात होतं पण दसरा चौकातून रोज बसनं जाते आणि ती इमारत हीच हे माझ्या डोक्यात कधी जोडलं गेलं नाही. हे पक्कं. खांडेकरांचं संग्रहालय मी बघितलंय, आईला दाखवणार, ती वाचणारी आहे.

तर सध्या असं ठरवलंय: शनिवारी सकाळी अंबाबाई, मग बावड्याला मिसळ, तिथून पॅलेस, दुपारी टाऊन हॉल (आधी आबालाल, मग पोसायडन, कुंचलादादा खूश), दसरा चौक, खासबाग, भेळ, शेवटी रंकाळा. रात्री आईला अख्खा मसूर आणि बाकी दोघांना रस्सा. रविवारी सकाळी कणेरी, वहिनींचं पटलं, बाबांच्या घरी लहानपणी मोट होती. दुपारी आल्यावर मांडरे संग्रहालय आणि हॉस्टेलवरून सामान घेऊन स्टेशन. पेठेतल्या भावा, पन्हाळा मी पावसाळ्यात करते, शब्द देते.

एकच विचारायचं राहिलं, कणेरीला बसनं जायचं तर केएमटी कुठून धरू आणि परत यायला दुपारी गाड्या असतात का? आईला गुडघ्याचा त्रास आहे, आत किती चालावं लागतं?

---

वहिनीसाहेब_कागल:

आत चालणं बऱ्यापैकी आहे, मोठा परिसर आहे, पण मधे मधे टेकायला जागा मिळते, घाई करू नका आणि ऊन चढायच्या आत पोचा. बसचं म्हणशील तर चौघं आहात, गुडघ्याचं दुखणं आहे, येऊन-जाऊन रिक्षाच ठरव, तिथं थांबायचे पैसे आधीच बोलून घे. बाकी कुठं नाही पण इथं पैसे वाचवू नको.

---

पेठेतला_भाऊ:

रिक्षा पाहिजे असली तर शनिवारी रात्रीच ठरवून ठेव, रविवारी सकाळी स्टँडवर लोक जोतिबाला जाणारे असतात, भाव वाढतो. आणि पावसाळ्यात पन्हाळ्याला निघताना इथं लिही, तीन दरवाज्यापासनं कुठनं कसं फिरायचं ते सगळं सांगतो.