ऑफिसचा कॉम्प्युटर: नवीन घ्यायचा की लिनक्स टाकायचं?

सेक्रेटरी (सी-४०१): मंडळी, ऑफिसच्या विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे अपडेट बंद झालेत. सोसायटीचं नेटबँकिंग त्याच मशीनवर होतं. नवीन मशीनचं कोटेशन ४८ हजार. मतं कळवा.

बी-३०२: ४८ हजारात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा एक कोपरा तरी निघेल.

ए-२०४: मशीन ठणठणीत आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, आपला चौथ्या पिढीचा, एवढंच. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकूया, फुकट आहे. लॅमिंग्टन रोडवरून रॅमची एक पट्टी आणि एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, मी आणते.

खजिनदार (ए-१०३): आणि मेंटेनन्सची बिलं गं? तो प्रोग्रॅम व्हीबी ६, म्हणजे व्हिज्युअल बेसिक या जुन्या भाषेतला, आपल्याच एका सभासदाने २००३ साली लिहिलेला. ते आता नाहीत. थकबाकी, व्याज, सिंकिंग फंड, सगळं त्यात.

ए-२०४: काका, तो वाईनवर चालतो. शनिवारी माझ्या लॅपटॉपवर कॉपी घेऊन पाहिलं.

बी-३०२: शनिवारी? वाईनवर? 😄

ए-२०४: तसली नाही हो काकू 😄 विंडोजचा प्रोग्रॅम जे मागेल ते लिनक्सकडून करून घेणारा दुभाषा समजा. १९९३ पासून त्याचं काम चालू आहे. व्हीबीच्या रनटाइम फाइल्स आणि डेटाबेससाठी मायक्रोसॉफ्टचं जेट इंजिन वेगळं टाकलं, मग उघडला. पण गंमत बघा, तारखा अमेरिकन पद्धतीने वाचत होता, महिना आधी. ४ मार्चला भरलेले पैसे ३ एप्रिलला भरल्यासारखे धरले आणि व्याज लावलं. लोकेल, म्हणजे देशाप्रमाणे तारखांची पद्धत ठरवणारं सेटिंग, भारताचं केलं तेव्हा ५६ च्या ५६ बिलं वहीशी जुळली.

खजिनदार (ए-१०३): व्याज कुणाला लागलं होतं?

ए-२०४: तुम्हालाच 🙏

सेक्रेटरी (सी-४०१): नोटिसा आणि आरतीचं पुस्तक?

ए-२०४: तिथे अडलंय. छपाईचा मजकूर जुळवायचा जुना मराठी डीटीपी प्रोग्रॅम डाँगलशिवाय (मशीनला लावायची त्याची किल्ली) उघडत नाही आणि वाईनला तो डाँगल दिसतच नाही. जुन्या फाइल्स लिब्रेऑफिसमध्ये वाचता येतात, पण फॉन्ट टाकल्यावरच. नाहीतर इंग्रजी अक्षरांचा चिवडा, कारण त्या फॉन्टने रोमन अक्षरांच्याच जागी आपली अक्षरं बसवलीत. म्हणून व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये, जुनं विंडोज ठेवायचं, नेट बंद करून, आणि डाँगल त्याला जोडायचा. नवीन नोटिसा युनिकोडमध्ये, त्यात मराठी अक्षरांना स्वतःची जागा असते.

बी-५०१: आरतीचं पुस्तक जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरला देऊ नका. रफार आणि पहिली वेलांटी हमखास भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. मी चाळीस वर्षं प्रुफं तपासलीत, छापून द्या, हाताने बघतो.

डी-१०२: लिफ्ट परत दुसऱ्यावर अडकलीय का?

सेक्रेटरी (सी-४०१): हो, माणूस येतोय. इथे नको.

खजिनदार (ए-१०३): प्रिंटर?

ए-२०४: डॉट मॅट्रिक्स पहिल्या झटक्यात चालला. स्कॅनर अजून रुसलाय, त्यावर काम चालू.

खजिनदार (ए-१०३): ठीक. पण जुनी हार्ड डिस्क पुसायची नाही, कपाटात ठेवायची. दोन महिने मी दोन्हीकडे बिलं काढणार. एक रुपया जरी हलला तर परत विंडोज.

ए-२०४: मान्य, काका.

बी-३०२: आणि वाचलेले पैसे गच्चीला?

सेक्रेटरी (सी-४०१): ते एजीएममध्ये, काकू.